बांगलादेशचे कापड स्वस्त दिसते, पण पिशवीत काय भरणार आहे?

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे पुढचे नीट लागेल. नागपुरातल्या हुडकेश्वरच्या तुमच्या बचत गटाकडे जर्मनीतल्या एका किराणा दुकानांच्या साखळीने ५,००० ज्यूट पिशव्यांची चौकशी केली आहे. पिशवी पट्ट्याची, उभी राहणारी. गिऱ्हाईक तिच्यात सुटे बटाटे, अक्रोड, पाव भरून नेणार. हेसियनचा, म्हणजे तागाच्या साध्या विणीच्या कापडाचा, कोलकात्याच्या व्यापाऱ्याचा भाव तुमच्या हातात आहे आणि ढाक्याच्या एका निर्यातदाराने त्याहून वीस टक्के कमी भाव कळवला आहे. बांगलादेशचे कापड मागवावे का आणि जर्मनीला काय भाव सांगावा, हे तुम्ही विचारले आहे.

मी इतवारीत बारदान्याच्या धंद्यात वाढलो आणि पुढे लहान उत्पादकांच्या निर्यातीची कामे करू लागलो, त्यामुळे दोन्ही बाजू जवळून पाहिल्या आहेत. माझे म्हणणे असे की तुमच्याकडचे दोन भाव अजून एकमेकांशी ताडून पाहण्याजोगे झालेलेच नाहीत. कोणते कापड हवे हे जर्मनीतल्या खरेदीदाराने सांगितलेले नाही आणि तुम्हीही दोन्ही विक्रेत्यांना विचारलेले नाही. त्याच्या पत्रात ‘नैसर्गिक ज्यूट, अन्नासाठी सुरक्षित’ एवढेच आहे. सगळा खर्च आणि सगळा धोका या शेवटच्या दोन शब्दांत आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

तागाचा तंतू मुळात ताठ असतो. कातण्याआधी त्याला मऊ करण्यासाठी मिलमध्ये तेल आणि पाण्याचे मिश्रण शिंपडतात आणि माल काही काळ ढिगात मुरू देतात. नेहमीच्या कापडासाठी हे तेल खनिज असते. धंद्यात त्याला जेबीओ म्हणतात, म्हणजे ज्यूट बॅचिंग ऑइल. नव्या पोत्याला रॉकेलसारखा जो वास येतो, तो त्याचाच. शेतमाल बाजारात नेण्यासाठी कोणी त्याकडे लक्ष देत नाही. पण अक्रोड, कॉफी, कोको यांसारखे तेलकट किंवा वास ओढून घेणारे पदार्थ अशा कापडात राहिले, तर खनिज तेलाचे अंश त्यांच्यात उतरतात. युरोपात यावरून बरेच रामायण झाले आणि आंतरराष्ट्रीय ज्यूट संघटनेने १९९८ मध्ये ९८/०१ या क्रमांकाचे मानक केले. कॉफी, कोको आणि सोललेला सुकामेवा भरण्याच्या पोत्यांसाठी ते आहे. त्यात तीन गोष्टी पाहतात : बॅचिंगचे तेल विषारी नसावे, कापडात साबणीकरण न होणारे, म्हणजे अल्कलीने साबण न बनणारे खनिज तेलासारखे पदार्थ किलोमागे १,२५० मिलिग्रॅमच्या आत असावेत, आणि परका वास नसावा. असे कापड करताना मिल खनिज तेलाऐवजी वनस्पती तेल वापरते, बहुधा राइस ब्रॅन, म्हणजे भाताच्या कोंड्याचे. बाजारात त्याला ‘हायड्रोकार्बन फ्री’ किंवा ‘फूड ग्रेड’ म्हणतात. ते साध्या हेसियनपेक्षा महाग पडते.

तुमची पिशवी कॉफीच्या पोत्यासारखी महिनोन्महिने भरून ठेवली जाणार नाही, हे खरे. बटाटे आणि पाव घरी नेण्यापुरताच संबंध येईल. म्हणून खरेदीदार कदाचित साध्या कापडावरही खूश असेल. पण त्याने ‘अन्नासाठी सुरक्षित’ असे लेखी कळवले आहे आणि युरोपीय महासंघात अन्नाला लागणाऱ्या सर्व वस्तूंना १९३५/२००४ हा नियम लागतो. माल हँबर्गला उतरल्यावर त्याने प्रयोगशाळेत एक तुकडा पाठवला आणि खनिज तेल सापडले, तर तुमच्याकडे बोलायला जागा नाही. विदर्भातल्याच एका पुरवठादाराच्या पिशव्यांचे असे झालेले मी जवळून पाहिले आहे. शिवण उत्तम, छपाई उत्तम. कार्टन उघडल्यावर वास आला आणि खरेदीदाराने उरलेली रक्कम अडवून धरली. त्या बाईंचे काम खरेच देखणे होते, म्हणून ते अजून मनाला लागते.

तेव्हा आधी दोन्ही विक्रेत्यांना एकच मागणी लिहून पाठवा. कापडाची रुंदी किती, इंचांत. वजन किती, हेसियनचे वजन औंसांत सांगतात, आणि ४० इंची १० औंस म्हणजे चौरस मीटरला साधारण ३०५ ग्रॅम. उभ्या-आडव्या धाग्यांची घनता किती, ज्याला पोर्टर आणि शॉट म्हणतात. बॅचिंगला कोणते तेल. लॅमिनेशन, म्हणजे आतून प्लास्टिकचा थर, आहे की नाही. आणि तेलाबद्दल मिलचे लेखी पत्र मिळेल का. व्यापाऱ्याच्या तोंडी ‘हो, फूड ग्रेडच आहे’ याला अर्थ नाही, कारण तो चार मिलांचा माल एकत्र ठेवतो. माझा अंदाज आहे की हे पत्र गेल्यावर वीस टक्क्यांचा फरक तसाच राहणार नाही. बांगलादेशच्या मिलांनाही वनस्पती तेलाचे कापड उत्तम करता येते, परदेशी गिऱ्हाइकांचा त्यांना जुना सराव आहे. पण तुम्हाला आलेला भाव त्याच कापडाचा आहे असे समजायला आज काही आधार नाही.

आता समजा, दोघांनी अगदी सारखे कापड दिले आणि फरक वीस टक्केच राहिला. तरीही आकडे मांडून पाहू. तुमच्या मापाच्या पिशवीला कळीसकट साधारण अर्धा चौरस मीटर कापड लागेल. ५,००० पिशव्यांना २,५०० चौरस मीटर. कटाईतली तूट धरून ४० इंची पन्ह्याचे २,७०० मीटर घ्या. वजन ८०० किलोच्या थोडे वर. कोलकात्याचा भाव मीटरला १०० रुपये आणि ढाक्याचा ८० असे धरले (हे आकडे फक्त समजण्यासाठी), तर एकूण बचत ५४,००० रुपये.

त्यातून काय काय वजा होते ते पाहा. साफ्टा या दक्षिण आशियाई मुक्त व्यापार करारामुळे बांगलादेशच्या ज्यूटवर मूळ आयात शुल्क लागत नाही. तिथला माल आपल्या बाजारात स्वस्त उतरायचा तो त्यामुळेही. म्हणून भारताने जानेवारी २०१७ मध्ये बांगलादेश आणि नेपाळच्या ज्यूट धागा, हेसियन कापड आणि पोत्यांवर अँटी-डंपिंग शुल्क, म्हणजे फार स्वस्तात उतरवलेल्या परदेशी मालावरचे जादा शुल्क, लावले आणि डिसेंबर २०२२ मध्ये ते आणखी पाच वर्षांसाठी वाढवले. शुल्क उत्पादक कंपनीनुसार वेगळे आहे; लावले तेव्हा सगळ्यात वरचा दर टनाला ३५० डॉलरच्या आसपास होता. म्हणून ‘कोणत्या मिलचा माल’ हे न विचारता शुल्काचा हिशेब करताच येत नाही. वरचा दर लागू झाला, तर तुमच्या ८०० किलोंवर पंचवीस हजार रुपयांच्या आसपास जातील. बचत निम्म्यावर आली.

पुढे रस्ता. पूर्वी हा माल पेट्रापोलच्या सीमेवरून ट्रकने कोलकात्याला यायचा. २७ जून आणि ११ ऑगस्ट २०२५ च्या डीजीएफटीच्या, म्हणजे केंद्राच्या परदेशी व्यापार महासंचालनालयाच्या, अधिसूचनांनी बांगलादेशच्या ज्यूट कापड, सुतळी, दोर, पोती यांना जमिनीवरची नाकी बंद केली. फक्त न्हावा शेवा बंदर उघडे ठेवले. म्हणजे चितगावहून जहाज, बहुधा कोलंबोला माल बदलून, सगळ्या द्वीपकल्पाला वळसा घालून मुंबईला. तिथे सीएचए म्हणजे कस्टम्सचे काम करणारा दलाल, बंदराचे आणि गोदामाचे खर्च, मग ट्रकने नागपूर. एवढ्या लहान मालाला पूर्ण कंटेनर मिळणार नाही, दुसऱ्यांच्या मालासोबत एकाच कंटेनरमध्ये, म्हणजे एलसीएलमध्ये, यावे लागेल, आणि त्यात खर्चाची किमान रक्कम ठरलेली असते, माल कितीही थोडा असो. उरलेली बचत इथे संपते, शिवाय आयजीएसटी, म्हणजे आयातीवरचा जीएसटी, भरून पैसा अडकतो तो वेगळा. उलट कोलकात्याहून नागपूर सुमारे १,१०० किलोमीटरचा सरळ महामार्ग आहे; ट्रक तीन-चार दिवसांत पोहोचतो आणि कापडात दोष निघाला तर फोन करून माल बदलता येतो. हे आयातीचे नियम बदलत असतात, म्हणून तुम्ही प्रत्यक्ष मागणी नोंदवाल त्या आठवड्यात ते पुन्हा तपासा.

कोणी तुम्हाला ‘अॅडव्हान्स ऑथोरायझेशन घ्या, सगळे शुल्क माफ’ असे सांगेल. ते खरे आहे. निर्यातीच्या मालासाठी कच्चा माल आणताना या परवान्यावर अँटी-डंपिंग शुल्कसुद्धा माफ होते. पण त्यासाठी अर्ज, बंधपत्र किंवा बँक हमी, वापराचा हिशेब आणि शेवटी निर्यात पूर्ण केल्याचे पुरावे हे सगळे करावे लागते. वर्षाला लाखभर पिशव्यांचे काम हातात आले तर मी स्वतः तुम्हाला त्या वाटेने जायला सांगेन. ५,००० पिशव्यांसाठी नको. आणखी एक : बांगलादेशी कापड इथे फक्त शिवून माल ‘भारतीय मूळचा’ ठरतो की नाही, हे प्रत्येक व्यापार कराराच्या नियमावर अवलंबून असते. सवलतीचे मूळ प्रमाणपत्र लागणार असेल, तर हा मुद्दा आधी मिटवावा लागेल.

म्हणून या खेपेला कापड कोलकात्याचे घ्या, असे माझे स्पष्ट मत आहे. पण त्यालाही एक अट आहे, ती वेळेची, आणि ती समजायला थोडे मागे जावे लागेल.

१९४७ मध्ये फाळणी झाली तेव्हा ज्यूटच्या गिरण्या हुगळीकाठी भारतात राहिल्या आणि तागाची उत्तम जमीन बरीचशी पूर्व बंगालमध्ये गेली. १९४९ मध्ये भारताने रुपयाचे अवमूल्यन केले, पाकिस्तानने केले नाही. कच्च्या तागाचा व्यापार अडकला आणि भारताने आपल्याकडे ताग वाढवायला घेतला. आज भारत ताग सर्वाधिक पिकवतो, पण बहुतेक इथेच वापरतो. त्यामागे १९८७ चा ज्यूट पॅकेजिंगचा कायदा आहे : सरकारी खरेदीचे धान्य ज्यूटच्या पोत्यांत भरणे सक्तीचे आहे आणि साखरेचा २० टक्के भागही. गोंदिया-भंडाऱ्याच्या धान खरेदी केंद्रांवर जी नवी पोती येतात, ती याच व्यवस्थेतून. बांगलादेशला एवढी मोठी घरची मागणी नाही, त्यामुळे तिथल्या मिला पहिल्यापासून परदेशाकडे तोंड करून उभ्या आहेत. तुर्कस्तानच्या गालिच्यांना धागा, युरोपला कापड आणि पिशव्या. त्यांचा भाव आणि तत्परता यांचे मूळ इथे आहे.

याचा तुमच्याशी संबंध असा. धान खरेदीचा किंवा गहू खरेदीचा हंगाम जवळ आला की कोलकात्याचे ज्यूट आयुक्त कार्यालय मिलांना सरकारी पोत्यांचे आदेश काढते आणि ते आधी पुरे करावे लागतात. त्या महिन्यांत हेसियनचे, त्यातही वनस्पती तेलाच्या हेसियनचे काम मागे पडते. दुसरे, नवा ताग साधारण जुलैपासून बाजारात येऊ लागतो, त्याआधी जुना साठा आटलेला असतो आणि भाव चढतो. २०२५-२६ साठी हमीभाव क्विंटलला ५,६५० रुपये होता, पण २०२५ च्या उत्तरार्धात बाजार त्याच्या खूप वर गेला. तेव्हा व्यापाऱ्याचा भाव किती दिवस टिकेल ते लिहून घ्या आणि तुम्ही जर्मनीला द्याल तो भावही तेवढ्याच दिवसांचा ठेवा. बडाबाजारातल्या व्यापाऱ्याकडे तयार माल नसेल, तर मिलमधून विणून यायला किती आठवडे लागतील हे विचारल्याशिवाय जर्मनीला तारीख देऊ नका. राष्ट्रीय ज्यूट मंडळाने बचत गटांना मिलच्या भावात कच्चा माल मिळावा म्हणून ज्यूट रॉ मटेरियल बँकेची योजना चालवली आहे. सध्या तुमच्या गटाला तिचा लाभ मिळतो का, एक पत्र लिहून विचाराच.

आता कापड आले असे धरू. लॅमिनेशनचा निर्णय खरेदीदाराकडून घ्या. आतून प्लास्टिकचा पातळ थर असलेली पिशवी ताठ उभी राहते आणि छपाई छान उठते, पण ती ‘नैसर्गिक’ म्हणून विकता येत नाही, आणि जर्मन दुकानदाराला हा मुद्दा महत्त्वाचा असण्याची शक्यता दाट आहे. प्लास्टिक नको म्हणाला, तर ताग आणि सुती धाग्याचे मिश्र कापड, ज्याला जुको म्हणतात, त्याचा नमुना दाखवा. ते मऊ असते आणि कमी झडते. छपाईच्या शाईसाठी अॅझो रंगांचा अहवाल लागेल. काही अॅझो रंगांतून सुटणारी घातक अमाइन रसायने युरोपात प्रत्येकी किलोमागे ३० मिलिग्रॅमच्या वर चालत नाही. मुंबईच्या टेक्स्टाइल्स कमिटीच्या प्रयोगशाळेत अशा चाचण्या होतात. शिवताना सुई तुटली तर तिचे सगळे तुकडे शोधून तारखेसकट कागदावर चिकटवून ठेवायची सवय गटातल्या सगळ्यांना लावा. अन्न ठेवायची पिशवी आहे, त्यात सुईचे टोक सापडणे परवडणार नाही.

ओलाव्याबद्दल जरा सविस्तर, कारण नागपूरकरांना हा मुद्दा दिसत नाही. ताग हवेतले पाणी ओढतो. व्यवहारात त्याच्या कोरड्या वजनावर १३.७५ टक्के ओलावा रीतसर धरला जातो. कोलकात्याच्या पावसाळी हवेत मोजलेला गठ्ठा आपल्या मे महिन्यात मोजला तर हलका भरतो, आणि मग वजनावरून भांडणे होतात. म्हणून तुम्ही कापड मीटरवर घ्या, किलोवर नको. उलट, जुलै-ऑगस्टमध्ये शिवलेल्या पिशव्या दमट हवेत कार्टनमध्ये बंद केल्या, तर समुद्रात दिवसा तापणाऱ्या आणि रात्री गार होणाऱ्या कंटेनरच्या छतावर पाणी साचून ते खाली टपकते आणि बुरशी धरते. पावसाळ्यात पॅकिंग करायचे असेल, तर पिशव्या आधी हवेशीर कोरड्या खोलीत पसरून ठेवा, आर्द्रता मोजायचे साधे यंत्र विकत घ्या, कार्टनमध्ये ओलावा शोषणाऱ्या पुड्या ठेवा. युरोपचा प्रवासही लांबला आहे. २०२३ च्या अखेरीपासून लाल समुद्रातल्या हल्ल्यांमुळे बऱ्याच जहाज कंपन्यांनी आफ्रिकेला वळसा घालायला सुरुवात केली. तुमचे जहाज कोणत्या मार्गाने जाणार हे विचारूनच पोहोचण्याची तारीख सांगा.

कागदपत्रांचे थोडक्यात सांगतो, ती अवघड नाहीत. आयईसी, म्हणजे आयात-निर्यातीचा क्रमांक, डीजीएफटीच्या संकेतस्थळावर निघतो, त्यांचे कार्यालय नागपुरातही आहे. जीएसटीत एलयूटी, म्हणजे हमीपत्र, भरली की कर न भरता निर्यात होते. ज्यूटच्या निर्यात परिषदेचे, जेपीडीईपीसीचे, सदस्यत्व घ्या. तिचे काम कोलकात्यातून चालते. काळजी घ्यायची ती वर्गीकरणाची, म्हणजे मालाच्या कस्टम्स कोडची. माल भरायची पोती ६३०५ मध्ये येतात, पण पट्ट्याची, वारंवार वापरायची पिशवी बहुधा ४२०२ मध्ये जाते. यावर तुम्हाला मिळणारा परतावा बदलतो, कारण ६३ व्या प्रकरणातल्या वस्तूंना एक योजना आहे आणि ४२ व्याला दुसरी. शिवाय जर्मनीत लागणारे शुल्कही बदलते. पहिले सहा अंक जगभर सारखेच असतात, म्हणून खरेदीदाराला त्याचा कोड विचारा आणि सीएचएला दाखवून तोच पक्का करा.

भाव सांगताना तो ‘एफओबी न्हावा शेवा’ सांगा, म्हणजे माल तिथे जहाजावर चढेपर्यंतचाच खर्च तुमचा. जहाजभाडे तुमच्या हातात नाही, ते त्याला भरू द्या. या भावात कापड, पट्टा, धागा, छपाई, मजुरी, नाकारल्या जाणाऱ्या पिशव्यांची तूट, चाचण्या, कार्टन, नागपूर ते न्हावा शेवा ट्रक, सीएचए आणि बँकेचे शुल्क असे सगळे धरा. नागपूरहून रेल्वेने कंटेनर बंदराला जातात, पण ५,००० पिशव्या म्हणजे सात-आठ घनमीटरच. ट्रकने मुंबईच्या कन्सॉलिडेटरकडे, म्हणजे अनेकांचा माल एका कंटेनरमध्ये भरणाऱ्याकडे, पाठवणे सोयीचे पडेल. मजुरी कमी धरून भाव उतरवू नका. बांगलादेशात शिवलेली पिशवी युरोपात अतिअविकसित देशाच्या सवलतीने शुल्काशिवाय जाते. भावाच्या शर्यतीत तुम्ही तिच्या पुढे जाणार नाही आणि जायची गरजही नाही. ५,००० ही संख्या तिथल्या मोठ्या कारखान्याला लहान वाटते, तुम्हाला ती जमते. गटातल्या बायकांचा रोज पुरता निघतो का, हे आधी पाहा. तो निघत नसेल तर ही ऑर्डर सोडून द्यावी असे मला मनापासून वाटते.

पैशांबाबत : पहिल्या व्यवहारात निदान कापडाचा खर्च निघेल एवढी आगाऊ रक्कम घ्या, उरलेली बिल ऑफ लेडिंगची, म्हणजे जहाज कंपनीच्या माल मिळाल्याच्या पावतीची, प्रत पाठवल्यावर आणि मूळ कागद सोडण्याआधी. एवढ्या रकमेला एलसीचा, म्हणजे बँकेच्या पतपत्राचा, खर्च जड जातो. उधारी द्यावीच लागली, तर ईसीजीसीचा, म्हणजे निर्यातीच्या उधारीला संरक्षण देणाऱ्या सरकारी कंपनीचा, विमा काढल्याशिवाय देऊ नका.

आज करायचे काम एकच आहे, जर्मनीला पत्र. त्यात विचारा : पिशवीत अन्न थेट ठेवले जाईल की वेष्टनासकट? वनस्पती तेलाचे कापड हवे का, आणि ९८/०१ मानकाचा अहवाल लागेल का? लॅमिनेशन चालेल का? त्यांचा कस्टम्स कोड कोणता? पिशव्या दुकानात कोणत्या तारखेला हव्यात? नमुना मंजूर झाल्यावर सही-शिक्क्याची एक पिशवी त्यांच्याकडे आणि एक तुमच्याकडे राहील, हेही लिहा. उत्तर आले की कापडाचे नवे दोन भाव आणि मिलचे पत्र घेऊन पुन्हा विचारा, मग पिशवीमागचा भाव ओळीने मांडून देतो.